दादा, पोळ्याचं मीच सांगितलं

दादा,

त्याला पोळा कसा समजला, हे तू मला पाच वर्षं विचारत राहिलास. भात वाढताना विचारलंस, बसमध्ये विचारलंस, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे बांबू रोवता रोवता विचारलंस. दर वेळी मी हातात काहीतरी काम घेतलं आणि मान खाली घातली. मी मुळातच कमी बोलणारी. तुला त्यात वेगळं काही वाटलं नसेल, असं मी समजून चालले. आता तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. रशीदभाऊंना पोळ्याचं मी सांगितलं होतं.

काल तुझं जलदान झालं. बुद्धवंदना झाली, तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, गावातल्या लोकांनी तू किती चांगला होतास ते सांगितलं. सगळं खरंच सांगितलं, पण त्यात तू नव्हतास. शिट्टी वाजवत घरी येणारा, वाकडी टोपी घालणारा, माझ्या चौथीच्या शाळेवरून मला चिडवणारा तू त्या भाषणांत कुठेच सापडला नाहीस. म्हणून आज दुपारी वही घेतली.

आपण ऊर्जानगरला आलो तेव्हा मी सासरहून कायमची परत आले होते. का परतले, हे तू कधी विचारलं नाहीस. आपल्या गावात आणि कुरखेड्याच्या बाजारात लोक विचारत होते. तू फक्त म्हणालास, "फुला, मले तिथी खोली भेटली हाय. भात रांधाले कोनी नाई. येतं का?" जणू मीच तुझ्यावर उपकार करणार होते. त्या एका वाक्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, आणि हेही मी तुला कधी सांगितलं नाही. बघ, न सांगितलेल्या गोष्टी किती आहेत.

टाऊनशिपच्या बाहेरच्या वस्तीत आपली ती एक खोली. वरून टिनाचे पत्रे. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसायची आणि तू म्हणायचास, "झटकू नको, डिझाइन हाय." विजेच्या कारखान्यात नवा बॉयलर उभा राहत होता. तू ठेकेदाराच्या कंपनीत होतास. तुमचं काम फोटो काढायचं. पहिल्यांदा तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, लग्नात काढतात तसे फोटो. तू इतका हसलास की शेजारची बाई बघायला आली.

मग तू मला नीट समजावलंस. बॉयलरमध्ये हजारो नळ्या असतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जोड वरून चांगला दिसतो, पण आत फट राहिली तर पुढे वाफेच्या जोराने नळी फुटते. म्हणून प्रत्येक जोडाच्या आतला फोटो घ्यायचा. त्यासाठी एक पेटी. आकाराने आपल्या पाण्याच्या गुंडाएवढीच, पण उचलताना कंबर वाकवील अशी जड. तिला तुम्ही कॅमेरा म्हणायचात. तिच्या पोटात लाखोळी डाळीच्या दाण्याएवढा एक दाणा, त्यातून एक्स-रेसारखे किरण निघायचे. जोडाच्या एका बाजूला फिल्म चिकटवायची, लांब जायचं, हँडल फिरवून तारेने तो दाणा नळीतून बाहेर ढकलायचा, ठरलेला वेळ मोजायचा आणि परत पेटीत ओढून घ्यायचा.

"दिसते का तो?" मी विचारलं.

"नाई."

"वास येते?"

"नाई."

"गरम लागते?"

"काहीच लागत नाई. म्हनून तं भेव वाटाले पाहिजे," तू म्हणालास. आणि तुला स्वतःला मात्र भीती वाटत नव्हती, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चुलीसमोर बसून तू मला अंतराचा धडा दिला होतास. "इथी बस. आता दोन हात मांग सरक. आता आनखी दोन हात. कमी लागून राह्यलं ना? त्या दान्याचंही असंच. दुप्पट लांब गेलं का चौपट कमी होते." मी म्हटलं, "पन चुलीचा चटका समजते तरी. याचा समजत नाई तं मानूस मांग काऊन सरकन?" तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस. मग म्हणालास, "चौथीतच शाळा सोडली तुनं, हे बरं झालं. मास्तरचे हाल झाले असते."

खराब झालेल्या फिल्म तू घरी आणायचास. निळसर काळ्या, करकरीत. फुटलेल्या तावदानाच्या जागी आपण त्यातलीच एक लावली होती. दुपारी ऊन आलं की तिच्यातला नळीचा जोड भिंतीच्या कडेला उजळून दिसायचा. तू मला ते फोटो वाचायला शिकवलेस. हा पांढरा पट्टा म्हणजे जोड. त्यात काळा ठिपका असला तर आत हवेचा बुडबुडा राहिला. काळी बारीक रेघ असली तर फट, तो जोड कापून पुन्हा करायचा. तू एकेक फिल्म उन्हात धरायचास आणि मी सांगायची, पास की नापास. एकदा तुझ्या नजरेतून सुटलेली केसाएवढी रेघ मी दाखवली. तू ती फिल्म घेऊन कामावर गेलास. ती फिल्म आधीच नापास झालेली होती, म्हणून तर घरी आली होती, पण संध्याकाळी येऊन तू मला सांगितलंस, "रशीदभाऊ म्हनले, तुझ्या बहिनीले कामावर आन, तू घरी रांध." त्या दिवशी मला जेवताना किती तरी वेळ हसू येत होतं. माझ्या आयुष्यात मला कोणी पास केलं असेल, तर ते त्या दिवशी.

रशीदभाऊ तुमचे वरिष्ठ. सुरक्षेचं सगळं त्यांच्याकडे. पिवळी-काळी दोरी कुठवर बांधायची, लाल झेंडा कुठे लावायचा, शिट्टी कधी वाजवायची, दाणा पेटीत परत गेला की नाही हे मीटर लावून आधी पाहायचं आणि मगच जवळ जायचं, हे सगळं त्यांनी तुला शिकवलं. चंद्रपूरचे जुने रहिवासी, पांढरी दाढी, उजवा हात बहुतेक वेळ खिशात. ईदला ते स्वतः शिरखुर्मा घेऊन यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "शालिक, तुझ्या बहिनीले सांग, साखर कमी हाय, भांडन नाई कराचं." मी आतून हसायची, बाहेर यायची नाही. तुम्ही दोघं अंगणात खाटेवर बसून तासन्‌तास बोलायचात. आपला बाप लवकर गेला. मला वाटतं, तू त्यांच्यात थोडा बाप शोधला होतास.

आणि तो बिल्ला. छातीवर लावायचा, प्लास्टिकचा, आत कागदात गुंडाळलेली छोटी फिल्म. दर महिन्याला नवी फिल्म मिळायची, जुनी मुंबईला तपासायला जायची. पहिल्या दिवशी तो लावून तू माझ्यासमोर छाती काढून उभा राहिलास. मी विचारलं, "हे कायले?" तू म्हणालास, "हे असलं ना, का दाना काई करू शकत नाई." गंमत केली होतीस. पण माझ्याशी गंमत करताना तू तोंड इतकं गंभीर ठेवायचास की मला कळायचं नाही. मी ते खरंच धरलं. आपल्या आईने लहानपणी तुझ्या दंडाला काळा दोरा बांधला होता, तसलंच काही तरी, पण सरकारी, मुंबईहून आलेलं, असं माझ्या डोक्यात बसलं. रोज सकाळी तुझ्या शर्टाला बिल्ला आहे ना, हे मी पाहायची. रविवारी तो बाबासाहेबांच्या फोटोखाली, कोनाड्यात ठेवायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात काम फार होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाकीचे लोक खाली उतरले की तुमचं काम सुरू व्हायचं. सगळ्यात वरच्या मचाणावर, जिथे माणूस आडवा होऊनच शिरू शकतो, तिथे फिल्म लावायला तुझ्यासारखा हात कोणाचा नव्हता. मग मुंबईहून कागद आला. अंगाला लागलेल्या किरणांचा तुझा आकडा हद्दीच्या जवळ गेला होता. रशीदभाऊंनी तुला सांगितलं, पुढचे दोन-तीन महिने कॅमेऱ्यापासून लांब बस, अंधारखोलीत फिल्म धुवायचं काम कर. तू घरी येऊन ताट सरकवलंस.

"मी खाली बसलो तं वरचे जोड कोन घेईन? तो देवाजी? त्याचं तं पोट अडकते मचानात."

"बसाच ना थोडे दिवस," मी म्हटलं.

"तुले नाई समजत, फुला. एकदा खाली बसलं का मानूस खालीच राह्यते."

तू त्यांना गळ घातलीस, आणि त्यांनी एक महिना आणखी पाहू म्हणून तुला राहू दिलं. पोळ्याच्या दिवशी मी तुझा शर्ट धुतला, तेव्हा बिल्ला काढून कोनाड्यात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच राहिला. मी दाराशी हाक मारली, "दादा, बिल्ला राह्यला!" तू म्हणालास, "राहू दे, आज वरचं काम नाई." मग पुढच्या दिवशीही तेच. महिना संपला की तू तो खिशात घालून न्यायचास, नवी फिल्म टाकून आणायचास आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचास. मला वाटलं, तुला विसरायची सवय लागली आहे. किंवा वाटलं, तू आता इतका हुशार झालास की तुला त्याची गरज उरली नाही. खरं काय ते मला सुचलंच नाही. बिल्ला घरी राहिला तर आकडा वाढत नाही, आकडा वाढला नाही तर कोणी खाली बसवत नाही, हे चौथी शिकलेल्या माणसालाही कळायला हवं होतं. पण मी त्याला राखणदार समजत होते. राखणदाराला घरी ठेवून कोणी मुद्दाम जाईल, हे माझ्या मनात कसं येणार?

धान कापणीचे दिवस होते. शेजारची बाई नळावर म्हणाली, "तुमच्याइकडं काल लय गडबड झाली म्हनते. तो दाना बाहेरच अटकला, आतच येईना. सगळ्यायले खाली काढलं." मी कळशी तशीच टाकून घरी आले. तू तर रात्री नेहमीसारखा जेवून झोपला होतास. एक शब्द बोलला नव्हतास. त्या दिवशी सकाळीही बिल्ला कोनाड्यातच होता.

दादा, तुला माहीत आहे, मी दुकानात जाऊन मिठाची पुडी मागायलाही तुला पाठवायची. त्या दिवशी मी पदर डोक्यावरून घेतला, बिल्ला मुठीत धरला आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. ट्रकच्या धुळीत मला समोरचं दिसत नव्हतं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "कोन पाह्यजे, बाई?" मी मूठ उघडली. तो म्हणाला, "हा तं कॅमेरावाल्यायचा होय," आणि त्याने आत निरोप धाडला. जेवणाची सुट्टी होती, तू वर होतास. रशीदभाऊ आले.

"अरे, हा इथी कसा, बेटी?"

"दादा इसरला."

"आज?"

मी पदर पुढे ओढला.

"बेटी, कितीक दिवसापासून घरी हाय हा?"

मला खोटं बोलता येत नाही, हे माझं दुर्दैव. मी म्हटलं, "पोळ्यापासून."

ते फाटकाजवळच्या दगडावर बसले. बिल्ला घेऊन त्यांनी उलटून पाहिला. मग म्हणाले, "तरीच. अंधारखोलीत बसनाऱ्या मानसाचा आकडा याच्यापेक्षा जास्त येऊन राह्यला होता. मी मुंबईवाल्यायलेच नावं ठेवत होतो."

मी धीर करून म्हटलं, "आता लावून द्या ना त्याले. मंग काई होनार नाई ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "बेटी, यानं काहीच अडत नाई. हा निस्ता सांगते, किती लागलं ते. पोस्टमन समज. पोस्टमनले घरी बसवलं तं चिठ्ठी येनं बंद होईन. पन जे व्हाचं ते तं होऊनच राह्यलं." आणि मग त्यांनी खिशातला उजवा हात काढला. अंगठा आणि पहिली दोन बोटं. टोकं आखडलेली, कातडी चकचकीत, नखं लाकडासारखी. "लोकायले वाटते, मशिनीत गेला. मी जवान असताना दाना अटकला होता, तं मी नळी हातानं धरून झटकली. तवा काहीच झालं नाई. चटकासुद्धा नाई. पंधरा-वीस दिवसांनं फोड आले."

मला चुलीसमोरचं तुझं बोलणं आठवलं. चटका समजत नाही तर माणूस मागे का सरकेल.

"हा जिथी होता तिथीच नेऊन ठेव," ते म्हणाले. "आन् तू इथी आली नाई. मी तुझं नाव घेनार नाई."

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून बिल्ले तपासले. तुझ्या छातीवर नव्हता. "आजच राह्यला," तू म्हणालास. ते म्हणाले, "आज नाई, पोळ्यापासून." तिथल्या तिथे तुला कॅमेऱ्यावरून काढलं, नागपूरला रक्त तपासायला पाठवलं.

संध्याकाळी तू घरी आलास तो जोडे न काढताच आत आलास. "सगळ्यायसमोर माझी इज्जत घेतली त्या म्हाताऱ्यानं. ज्याले मी बाप समजलो!" मी भाताचं पाणी गाळत होते. "फुला, एक सांग मले. त्याले पोळा कसा समजला?" गरम पेज माझ्या हातावर पडली. तू धावत आलास, माझा हात पाण्यात धरलास, आणि पुन्हा ते विचारायचं विसरलास. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तू माझा हात धरला होतास आणि मला वाटलं, आता बोलले तर हा सोडून देईल.

रक्त तपासणी दोनदा झाली. पहिल्यांदा थोडं कमी-जास्त निघालं, दुसऱ्यांदा ठीक. पण सहा महिने तू अंधारखोलीत लाल दिव्याखाली फिल्म धूत राहिलास. "बाया धुनं धूते तसा मी धुऊन राह्यलो," म्हणायचास. रशीदभाऊ ईदला आले तेव्हा तू मागच्या दाराने निघून गेलास. त्यांनी डबा उंबरठ्यावर ठेवला आणि नेहमीसारखे साखरेवरून काही बोलले नाहीत. तू आल्यावर विचारलंस, "कोन आलं होतं?" मी म्हटलं, "कोनी नाई." तो शिरखुर्मा मी चुलीमागे बसून एकटीने खाल्ला आणि मला रडू आलं. बॉयलर उभा झाला, कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. रशीदभाऊंनी तुला सोबत चल म्हणून निरोप पाठवला, तू गेला नाहीस. घुग्घुसकडे सिमेंटच्या कारखान्यात लागलास. तुझं लग्न झालं, वच्छलावहिनी आली. तिला तू तुझ्या बाजूची गोष्ट सांगितलीस. तिने रशीदभाऊंना न पाहताच त्यांचा राग धरला. नवऱ्याचा राग बायका जपून ठेवतात, नवरा विसरला तरी.

एकदा मी सांगणारच होते. गावच्या खळ्यावर, तू धानाच्या पेंढीवर पाय पसरून बसला होतास. संध्याकाळचं ऊन होतं. तू म्हणालास, "फुला, अजूनही मले समजत नाई, त्याले पोळा कसा..." मी म्हटलं, "दादा..." तू एकदम माझ्याकडे वळलास. खूप लक्ष देऊन. मी म्हटलं, "दादा, पानी आनू का?" तू पुन्हा बैलांकडे पाहायला लागलास. "आन," म्हणालास.

या वर्षी त्याच खळ्यावर तुला थंडी वाजून ताप भरला. जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त पाहून सांगितलं, मलेरिया डोक्यात गेला. चौथ्या दिवशी तू गेलास. शेवटी शेवटी तू बडबडत होतास, कोणाला तरी खाली उतरायला सांगत होतास, "उतरा, दाना बाहेर हाय, उतरा." नर्सला काही कळलं नाही. मला कळलं. मी तुझ्या कानाशी म्हटलं, "सगळे उतरले, दादा." मग तू शांत झालास.

गावात मात्र लोक म्हणू लागले, ते त्या कॅमेऱ्याचंच. वहिनीच्या मनात तेच बसलं. डॉक्टरांचं तिने ऐकलं नाही. आणि काल जलदानाला रशीदभाऊ आले. चंद्रपूरहून दोन बस बदलून, हातात काठी. फोटोसमोर उभे राहिले, डोळे पुसले. वहिनी उठली. सगळ्या लोकांसमोर म्हणाली, "आता काऊन आले? मानूस होता तवा त्याची इज्जत घेतली. आजाराच्या कामावर लावलं आन् मंग बदनाम करून हाकललं. आता मेल्यावर पाहाले आले?"

रशीदभाऊंनी मान खाली घातली आणि काठी उचलली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दादा, त्यांनी एकदा पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते शब्द पाळत होते. पाच वर्षं झाली, तू गेलास, तरी पाळत होते.

मी उठले. इतक्या लोकांत मी कधी उभी राहिले नव्हते. "वहिनी, त्यायले काई नको म्हनू," मी म्हटलं. "दादा बिल्ला घरी ठेवत होता. आकडा वाढू नये म्हनून. मी तो फाटकावर नेऊन देल्ला. पोळ्याचं मीच सांगितलं. त्यायनं दादाले वाचवलं आन् माह्या वाट्याच्या शिव्याही खाल्ल्या."

कोणीतरी खोकलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी वरसं माह्या घरात जेवून राह्यल्या तुमी," आणि आत गेली. दार लावून घेतलं.

मी रशीदभाऊंना बसपर्यंत पोहोचवायला गेले. गावातून, भर दुपारी, त्यांच्या शेजारून चालत. लोक पाहत होते, पाहू देत. ते म्हणाले, "काऊन बोलली, बेटी? माह्या नावाचं आता काय होनार होतं?" मी म्हटलं, "माह्या मनाचं होत होतं."

मग थोडं चालल्यावर ते थांबले. "एक गोष्ट सांगतो. मांगच्या साली मी तुमच्या घुग्घुसच्या कारखान्यात गेलो होतो. कोठीत माल किती भरला ते बाहेरून सांगते, अशी एक मशीन हाय तिथी. तिच्यातही तसाच दाना असते. तिची तपासनी होती. शालिकची त्या दिवशी सुट्टी होती. तिथी चार-पाच जनायले बिल्ले हाय. मी म्हटलं, वा, सगळ्यायच्या छातीवर हाय, आजपर्यंत अशी शिस्त मले कुठी दिसली नाई. तं ते लोक हासाले लागले. म्हनले, 'शालिकभाऊनं धाक घातला हाय आमाले. ते म्हनते, बिल्ला घरी ठेवसान तं माही बहीन घिऊन येईन गेटवर. लाजाळू हाय, पन येईन.'"

दादा, मी रस्त्यात उभी राहिले. ते म्हणाले, "मी कोनाले सांगितलं नव्हतं, बेटी. त्याचं त्यालेच समजलं असन." बस आली. ते चढले.

म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून? त्या शिपायाने सांगितलं, की माझ्या भाजलेल्या हाताने? आणि ठाऊक होतं तर मला विचारत का राहिलास? खळ्यावर तू माझ्याकडे वळलास, ते मी पाणी आणू का म्हणावं म्हणून नव्हे, हे आता कळतंय. मी गप्प राहिले, ते चुकलं. पण दादा, तूही काही कमी गप्प राहिला नाहीस. त्या म्हाताऱ्या माणसाशी एक शब्द बोलला असतास. सगळ्या कारखान्याला सांगितलंस, एवढं मोठेपणाने सांगितलंस, आणि ज्याला सांगायचं त्याला नाही. तुझ्यावर रागावू की तुझे पाय धरू, हे मला कळत नाही. दोन्हीसाठी तू हवा होतास.

मी घरी आले तेव्हा वहिनी चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. डोळे सुजलेले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पूर्वीची मी असते तर भांडी घेऊन मागच्या अंगणात गेले असते. मी तिच्या समोर बसले आणि म्हटलं, "वहिनी, घुग्घुसच्या कारखान्यात दादा माह्याबद्दल काय म्हने, ते सांगू?"

पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "सांगा, फुलाबाई."

मी काड्या पुढे सारल्या, चूल पेटवली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.